सातवा मुद्दा

“तोंड उघडा. अजून. काडी गालाच्या आतल्या बाजूने फिरवायची, दोन्हीकडे दहा-दहा वेळा. दातांना लागू देऊ नका,” प्रशिक्षक सांगत होते, आणि रुग्णालयाच्या औषध विभागातले आम्ही सहा जण भिंतीलगत आ वासून उभे होतो.

“सर, सकाळी दात घासलेत, तेवढं लिहून घ्या,” भांडारवाला काडी तोंडात धरूनच म्हणाला. हसू येत असूनही कोणाला हसता येईना.

रांगेत पहिल्या ताई होत्या. त्यांनी डावीकडे दहा मोजले, उजवीकडे दहा मोजले, काडी नळीत घातली, झाकण लावलं आणि नळीवर आपला क्रमांक सुरकुती न पडू देता चिकटवला. मग वळून माझ्या हाताकडे पाहिलं.

“तुझं झाकण तिरकं बसलंय गं.”

खरंच तिरकं होतं.

रुग्णालयात जनुक चाचणी सुरू होणार होती. एकच गोळी एकाला लागू पडते, दुसऱ्याला नुसती पाण्यासारखी जाते आणि तिसऱ्याला बाधते, हे आम्हाला खिडकीत बसून ठाऊक होतं. का, ते आता चाचणीवरून आधीच कळणार होतं, आणि ते रुग्णाला समजावून सांगायचं काम आमच्याकडे येणार होतं. त्यासाठी चार आठवड्यांचं प्रशिक्षण. प्रशिक्षकांचा नियम असा की जी चाचणी दुसऱ्याला समजावून सांगायची, ती आधी स्वतःची करून घ्यायची. नंतर जोड्या लावायच्या आणि प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचा अहवाल त्याला रुग्ण समजून सांगायचा. तशी संमतीची सही आम्ही सगळ्यांनी पहिल्याच दिवशी करून दिली होती. सरांना भांडारवाल्याने त्याच दिवशी काडीवाले सर करून टाकलं.

ताई आमच्या औषधखिडकीच्या प्रमुख. वय सत्तावन्न, पुढच्या वर्षी निवृत्त. रुग्ण त्यांना उजळणीबाई म्हणत. पुड्या हातात देऊन त्या कोणाला सोडतच नसत. “आता सांगा बघू, मी काय सांगितलं?” असं विचारत आणि समोरचा सगळं परत म्हणून दाखवेपर्यंत पिशवीचं एक टोक आपल्या हातात धरून ठेवत. एकदा एक गृहस्थ भडकले होते. “बाई, मी शिकलेला माणूस आहे.” “मग तर पटकन सांगाल,” ताई म्हणाल्या. त्यांनी सांगितलं, आणि चुकीचं सांगितलं. मागच्या रांगेने ते ऐकलं. ताई हसल्या नाहीत. पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागल्या.

मी त्यांच्या हाताखाली चार वर्षं आहे. माझी मुलगी सात महिन्यांची. बाळंतपणाच्या रजेवरून परत आले तेव्हा दूध काढून ठेवायला विभागात जागाच नव्हती. ताईंनी भांडाराच्या मागच्या खोलीतली खोकी एका बाजूला रचून घेतली, एक खुर्ची ठेवली, आणि मी आत असले की स्वतः दाराबाहेर उभ्या राहू लागल्या. बसत नसत. त्या कधीच बसत नसत, जेवणाच्या सुट्टीतही डबा उभ्यानेच खात. बाकीचे जरा डोळा लावत, टेबलावर डोकं टेकत. ताईंना कोणी डुलकी काढताना पाहिलेलं नव्हतं.

त्याचं कारण त्यांनी एका दुपारी दाराआडूनच सांगितलं. मी तेव्हा पाळणाघराला त्या दिवसातला चौथा फोन करून ठेवला होता.

“काय म्हणाल्या?”

“झोपलीये म्हणाल्या.”

“श्वास घेतेय का, ते विचारलंस का?”

मला वाटलं, चेष्टा करताहेत. “विचारलं,” मी म्हणाले. कारण खरंच विचारलं होतं.

“बरं केलंस,” ताई म्हणाल्या. मग कोणाचा तरी निरोप सांगावा तशा आवाजात म्हणाल्या, “माझी पहिली मुलगी अकरा दिवसांची गेली. दुपारची वेळ होती. मी कुशीत घेऊन झोपले होते. मला जाग आली, तिला आली नाही. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी. सासूबाई म्हणाल्या, आई झोपली आणि लेकरू गेलं. एकतीस वर्षं झाली. माझा मुलगा त्यानंतरचा.”

दूध काढायच्या यंत्राचा घर्र घर्र आवाज चालू होता. तो बंद करावा की नको, ते कळेना.

“झालं का तुझं? खिडकीवर तिघं उभे आहेत,” ताई म्हणाल्या.

प्रशिक्षणाच्या दुसऱ्या आठवड्यात सरांनी वेदनाशामक गोळ्यांवर व्याख्यान घेतलं. कोडीन नावाचं औषध. पूर्वी सर्रास द्यायचे, खोकल्याला, दुखण्याला. ते पोटात गेलं की शरीर त्याचं मॉर्फीन करतं. कोणाचं शरीर हे सावकाश करतं, कोणाचं बेताने, आणि थोड्या जणांचं फारच भरभर. सरांनी फळ्यावर त्यांना अतिजलद असं लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

“अतिजलद बाई अंगावर पाजत असेल आणि ही गोळी घेत असेल, तर मॉर्फीन दुधात जास्त उतरतं. बाळ सुस्त होतं, नीट पीत नाही, श्वास मंदावतो. काही बाळं दगावली आहेत. म्हणून आता पाजणाऱ्या बायकांना ही गोळी देतच नाहीत. पण हे कळलं अलीकडे. तोवर सगळे देत होते.”

मी भराभरा लिहून घेत होते. माझ्या शेजारचं पेन थांबलं, म्हणून मी पाहिलं. ताई वर्गातही नेहमीसारख्या उभ्याच होत्या, फळ्याकडे बघत. मग त्यांनी हात वर केला.

“किती दिवसांत?”

“म्हणजे?”

“बाळ किती दिवसांचं असताना, सर?”

“बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांत. तेव्हा बाळाला ते बाहेर टाकता येत नाही.”

“बरं,” ताई म्हणाल्या आणि लिहून घेतलं. पुढे होऊन पाहायची गरज नव्हती, त्यांचं अक्षर मोठं आहे. ‘दोन आठवडे’ एवढंच लिहिलेलं.

त्यानंतर ताई रोजच्यासारख्याच होत्या. मी त्यांच्यावर नजर ठेवून होते. मला तशी खोडच आहे, नवरा म्हणतो, तू माणसं वाचत नाहीस, तपासतेस. ताईंच्या चालण्यात, बोलण्यात काही फरक सापडला नाही. एकच गोष्ट. एका बाळंतिणीचा नवरा टाक्यांच्या दुखण्यावरची गोळी घ्यायला आला, साधीच, बाळाला न बाधणारी. ताईंनी ती पट्टी उलटून मागचं नाव वाचलं, सुलटी केली, पुन्हा उलटून वाचलं. असं पाच वेळा. नवरा म्हणाला, “बाई, काही घोळ आहे का?” “नाही,” त्या म्हणाल्या, “बरोबर आहे.”

अहवाल तिसऱ्या आठवड्यात आले. जोड्या सरांनी हजेरीच्या क्रमाने लावल्या होत्या, माझी ताईंशी. प्रत्येकाला जोडीदाराचं बंद पाकीट आणि एक तक्ता मिळाला. तक्त्यात सात मुद्दे. सातही बोलून सांगायचे, रुग्णाकडून परत वदवून घ्यायचे, सर बाजूला बसून खुणा करणार. सरांना परत वदवून घ्यायची ही पद्धत शिकवावी लागली नाही. “ही तर आमच्या ताईंचीच,” भांडारवाला म्हणाला, “तुम्ही पुस्तकात घालायच्या आधीपासनं.”

जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या खोलीत जाऊन पाकीट फोडलं. रक्त पातळ करायचं औषध, सामान्य. पित्ताचं औषध, सामान्य. चौथ्या ओळीत वेदनाशामकं. पुढे लिहिलं होतं, अतिजलद.

मी तक्ता उघडला. सातवा मुद्दा: ‘स्तनपानाबाबत सूचना द्या.’ त्याच्यापुढे दोन चौकोन, ‘दिली’ आणि ‘लागू नाही’.

मी पाळणाघराला फोन लावला.

“झोपलीये,” बाई म्हणाल्या.

“उठवा तिला.”

“अहो, आत्ता कुठे डोळा लागलाय. अर्धा तास थोपटत होते.”

“उठवा,” मी म्हणाले. “मला तिचं रडणं ऐकू दे.”

त्यांनी उठवलं. मुलगी रडली. मी ऐकलं आणि फोन ठेवला. मी कधी ती गोळी घेतलेली नव्हती. माझ्या बाळंतपणापर्यंत ती बंदच झाली होती. हे सगळं मला माहीत होतं.

मग मी सरांकडे गेले.

“सर, माझी जोडी बदलता का?”

“का? तुमचं आणि त्यांचं पटत नाही?”

“पटतं.”

“मग?”

कारण सांगायचं तर ताईंची गोष्ट सांगावी लागली असती. ती माझी नव्हती. “काही नाही,” मी म्हणाले.

“उद्या रुग्ण समोर बसला की त्याची जोडी बदलून मागणार का?” सर चांगल्या मनानेच म्हणाले.

मी ठरवलं, ‘लागू नाही’वर खूण करायची. सत्तावन्न वर्षांची बाई, कोण काय म्हणणार? त्या कागदाने मला वाट दिली होती. ताईंना गोळीचं कळलं होतंच, पण आपलं शरीर त्या थोड्या जणांतलं आहे हे कळलेलं नव्हतं. तेवढं सांगायला हवं होतं. बाकीचं त्यांच्यासमोर उच्चारायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची पाळी आली. एक टेबल, दोन खुर्च्या, कोपऱ्यात सर. आधी ताई माझा अहवाल सांगणार होत्या. त्या खुर्चीत बसल्या. त्यांना बसलेलं बघायची सवय नसल्यामुळे त्या मला लहान वाटल्या.

“तुमचं सगळं सामान्य आहे,” त्या मला नियमाप्रमाणे अहोजाहो करत म्हणाल्या. “अहवालातली सहाही औषधं नेहमीच्या प्रमाणात चालतील. बाळाला पाजता ना? तरी कोडीन नको. सामान्य असलात तरी नको. सांगा बघू, मी काय सांगितलं?”

मी सांगितलं. एक चुकलं, त्यांनी दुरुस्त केलं आणि ते पुन्हा म्हणवून घेतलं. सरांनी सगळ्या खुणा केल्या.

मग माझी पाळी. पहिला मुद्दा, ओळख. दुसरा, चाचणी कशाची होती. तिसरा, चौथा. माझा आवाज नीट येत होता. “वेदनाशामकांच्या गटात तुमचा अहवाल अतिजलद आहे,” मी म्हणाले. ताईंनी मान हलवली, खिडकीत पुढचा माणूस आल्यावर हलवतात तेवढीच. “म्हणजे कोडीन आणि तशी काही औषधं तुम्हाला चालणार नाहीत. दुखलं तर दुसरी घ्यायची. डॉक्टरांना, दाताच्या डॉक्टरांनासुद्धा, हे आधी सांगायचं.” पाचवा. सहावा, अहवालाचं कार्ड जवळ ठेवायचं. मी पेन उचललं.

“सातवा राहिला,” ताई म्हणाल्या.

“तो तुम्हाला लागू नाही, ताई.”

“लागू आहे की नाही ते रुग्णाला विचारून ठरवायचं. तुला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात काय शिकवलं होतं मी?”

“विचारायचं. गृहीत धरायचं नाही.”

“मग विचार.”

सर पुढे झुकले. त्यांना वाटलं, ताई माझी परीक्षा घेताहेत. त्यांना ते आवडलेलं दिसलं.

“तुम्ही…” मी म्हणाले, “तुम्ही अंगावर पाजत असताना कधी कोडीन घेतलं होतं का?”

“घेतलं होतं. टाके दुखत होते. डॉक्टरांनी तीन दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. पुढच्या मी माझ्या मनाने घेतल्या. औषधाच्या दुकानात नोकरीला होते, घरात पट्टी होती. आपलंच आपण औषध घेताना खिडकीच्या पलीकडे कोणी नसतं. आठ दिवस घेतल्या. आता तू सूचना दे.”

मी सूचना दिली. तक्त्यातली जशीच्या तशी, चार वाक्यं. मला स्वतःचा आवाज रेल्वेच्या घोषणेसारखा ऐकू येत होता. संपल्यावर मी तिथेच थांबणार होते. ताई माझ्याकडे बघत राहिल्या. त्या कशाची वाट बघत होत्या, ते मला कळलं.

“सांगा बघू,” मी म्हणाले. “मी काय सांगितलं?”

ताईंनी दोन्ही हात टेबलावर ठेवले.

“माझं शरीर कोडीनचं मॉर्फीन फार भरभर करतं. मी पाजत असताना ती गोळी घेतली, तर ते दुधात उतरतं. बाळ सुस्त पडतं. नीट पीत नाही. त्याचा श्वास मंदावतो.” त्या थांबल्या. “आईलाही त्याच गोळीने झोप येते. आवरता आवरत नाही. म्हणून तिला कळत नाही.”

कोपऱ्यात सरांचं पेन चाललं. “उत्तम. फक्त शेवटचं वाक्य तक्त्यात नाही.”

“नाही,” ताई म्हणाल्या. “ते मी घातलं.”

आम्ही दोघी उत्तीर्ण झालो. बाहेर पडताना बोळात मी म्हणाले, “ताई, म्हणजे तुम्ही झोपलात म्हणून नव्हतं ते.” हे वाक्य मी सूचना देत असतानाच मनात तयार केलं होतं. त्यांना द्यायला माझ्याकडे तेवढं एकच होतं.

“हो. झोपसुद्धा गोळीचीच होती,” त्या म्हणाल्या. “एकतीस वर्षं झोपेला धरून बसले. आणि गोळी कोणी घेतली गं?”

मी काही बोलले नाही.

“बघ, तूही गप्पच बसलीस,” त्या म्हणाल्या. रागाने नाही. “बसू दे. चल, खिडकी उघडायची वेळ झाली.”

शेवटचं काम दुपारी होतं. ज्यांच्या अहवालात काही वेगळं निघालं, त्यांनी रक्ताच्या नात्यातल्या माणसांचा तक्ता भरायचा, कारण हे वारशाने येतं आणि त्यांनाही कळवावं लागतं. आमच्या सहा जणांत दोघांनाच तो भरायचा होता. भांडारवाल्याने उभ्याउभ्याच भावाचं नाव खरडलं. “सात वर्षं बोलत नाही आम्ही. आता या निमित्तानं बोलू. हॅलो, तुला पित्ताची गोळी लागू पडत नाही, बरं आहे ना?” तो म्हणाला आणि एकटाच हसला.

ताईंनी पेन घेतलं. पहिल्या ओळीत मुलगा, वय अठ्ठावीस, त्याचा फोन नंबर. दुसऱ्या ओळीत मुलगी. वय, अकरा दिवस. नावाच्या जागी त्यांनी आडवी रेघ मारली. नाव ठेवलेलं नव्हतं. फोनच्या जागीही रेघ. दोन्ही रेघा सारख्या लांबीच्या होत्या.

सरांनी कागद वाचला. “हे…” ते म्हणाले. मग त्यांनी ताईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सकाळचं सगळं त्यांना एकदम कळलेलं दिसलं. ते खुर्चीत जरा मागे सरले.

“ताई, त्या वेळी बाळाची तपासणी झालेली नसणार. नक्की हेच कारण होतं, असं आज कोणीच म्हणू शकणार नाही.”

“नाही. मीसुद्धा नक्की म्हटलेलं नाही.”

“आणि हा तक्ता… हयात नातेवाइकांसाठी असतो. ज्यांना कळवायचं आहे, त्यांच्यासाठी.”

“वाचलंय मी वर.”

“मग ही ओळ…”

“राहू दे,” ताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. पिशवीचं टोक धरून ठेवतात तेव्हा जसा असतो तसा होता.

सरांच्या हातात लाल पेन होतं. ते त्यांनी खिशाला लावलं, निळं काढलं आणि दोन्ही ओळींच्या खाली सही केली.

“याची एक प्रत मिळेल का मला?” ताईंनी विचारलं. “मुलाला दाखवायला. त्याला बहीण होती हे माहितेय. पण कुठे लिहिलेलं नाहीये. अकरा दिवसांत आमच्याकडून जन्माची नोंदच झाली नव्हती. नंतर कोण जाणार?”

“मी काढून आणते,” मी म्हणाले.

त्या माझ्याबरोबर कार्यालयापर्यंत आल्या. कारकून चहाला गेला होता. मी काचेवर कागद पालथा ठेवला, झाकण मिटलं, कळ दाबली. उजेडाची पट्टी एकदा या टोकाकडून त्या टोकाकडे गेली. प्रत गरम बाहेर आली. मी ती ताईंना दिली.

खिडकीकडून भांडारवाल्याची हाक आली, “ताई, रांग दारापर्यंत गेलीये!” त्यांनी “आले” म्हटलं. कागदाची घडी घातली नाही. दोन्ही तळहातांच्या मध्ये धरून तशाच उभ्या राहिल्या, तो निवेपर्यंत.